हरकत घेणाऱ्याची जागा

१ एप्रिल १९४७ची संध्याकाळ. नवे व्हाइसरॉय माउंटबॅटन यांच्या बोलावण्यावरून गांधीजी बिहारमधून दिल्लीला आले होते. त्यांचा मुक्काम तेव्हाच्या रीडिंग रोडवर, म्हणजे आजच्या मंदिर मार्गावर, सफाई कामगारांच्या वस्तीतल्या वाल्मीकी मंदिराला लागून असलेल्या खोलीत होता. देवळाच्या आवारात रोज संध्याकाळी प्रार्थना होई. त्या दिवशी मनू गांधींनी कुराणातल्या आयता म्हणायला सुरुवात केली आणि गर्दीतला एक तरुण उभा राहिला. हे हिंदूंचं देऊळ आहे, इथे हे म्हणू देणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. लोक त्याला बाहेर काढायला धावले. गांधीजींनी लोकांना थांबवलं आणि त्या दिवसाची प्रार्थनाही थांबवली.

पुढच्या संध्याकाळीही तेच घडलं. शेकडो लोक प्रार्थना व्हावी म्हणून बसलेले आणि हरकत घेणारे एक-दोन. तरीही प्रार्थना झाली नाही. कुराणातला भाग तेवढा गाळा, बाकीची म्हणा, अशी सोपी वाट सुचवली गेली. तीही त्यांनी नाकारली. प्रार्थना अखंड आहे, म्हटली तर सगळी, नाहीतर काहीच नाही. मात्र ती बळाने म्हणायची नाही. एका माणसाला गप्प बसवून केलेली प्रार्थना ही प्रार्थना उरत नाही. तिसऱ्या दिवशीही हेच झालं. मग हरकत घेणारेच मागे सरले आणि प्रार्थना सुरू झाली.

हा प्रसंग मला गांधीजींच्या दिल्लीतल्या सगळ्या कहाण्यांमध्ये सर्वांत मोलाचा वाटतो. बहुमताने ठरवणं आपल्याला माहीत आहे आणि एकाने अडवल्यावर चिडणंही माहीत आहे. इथे तिसरं काहीतरी घडलं. आपला आग्रह जराही न सोडता समोरच्या माणसाच्या ‘नाही’ला पूर्ण किंमत दिली गेली. सत्य आपल्याकडे आहे असं वाटत असतानाही, ते दुसऱ्याच्या डोक्यावर न आपटता त्याच्यासमोर मांडून थांबणं, ही त्या प्रार्थनासभेची रीत होती. आज दिल्लीत, गुरुग्राममध्ये, नोएडात, आणि पुण्या-मुंबईतही, अर्थ शोधत फिरणाऱ्या माणसांना या रीतीची गरज आहे असं मला मनापासून वाटतं. म्हणून ती प्रार्थनासभा नेमकी काय होती, हे नीट पाहायला हवं.

माणसांकडून मिळालेली प्रार्थना

गांधीजींची प्रार्थना त्यांनी एकट्याने बसून रचलेली नव्हती. तिचा जवळजवळ प्रत्येक भाग कुठल्या तरी माणसाकडून आला होता, आणि त्यात मराठी माणसांचा वाटा मोठा होता.

साबरमती आश्रमाच्या प्रार्थनेला सूर दिला तो पंडित नारायण मोरेश्वर खरे यांनी. जुन्या सातारा जिल्ह्यातल्या तासगावचे खरे हे कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. संगीत चार भिंतींतून लोकांमध्ये आणायचं, हे गुरूचं व्रत शिष्याने आश्रमात नेलं. ‘आश्रम भजनावली’ खऱ्यांनीच सिद्ध केली आणि तिच्यात हिंदी, गुजराती, बंगाली पदांच्या शेजारी मराठी संतांची पदं बसवली. दांडीयात्रेत गांधीजींबरोबर निघालेल्या तुकडीत ते होते. १९३८मध्ये हरिपुरा काँग्रेसच्या वेळी त्यांचं निधन झालं, पण त्यांनी बांधलेल्या चाली पुढे सेवाग्रामला आणि दिल्लीला पोहोचल्या.

संध्याकाळच्या प्रार्थनेत गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली स्थितप्रज्ञाची लक्षणं म्हटली जात. आश्रमाची अकरा व्रतं ज्या छोट्याशा पद्यात म्हटली जात, ते विनोबांनी बांधून दिलेलं. कुराणातला ‘फातिहा’ आला तो रैहाना तय्यबजींमुळे. अब्बास तय्यबजींची ही मुलगी कृष्णभजनं तल्लीन होऊन गाणारी. आश्रमात मुक्कामाला असताना तिने सुचवलं आणि फातिहा प्रार्थनेत कायमचा आला. याच रैहानाबहेन पुढे दिल्लीत, राजघाटाजवळच्या ‘सन्निधी’त, साताऱ्यात जन्मलेल्या काकासाहेब कालेलकरांच्या कुटुंबात राहिल्या. पारशी धर्मातली प्रार्थना डॉ. गिल्डर यांच्याकडून आली, तीही पुण्यात आगाखान पॅलेसच्या स्थानबद्धतेत. ज्या वास्तूत महादेवभाई गेले, कस्तुरबा गेल्या, तिथेच ही नवी प्रार्थना शिकली गेली. आणि बौद्ध मंत्र आला तो सेवाग्रामला राहिलेल्या जपानी साधूकडून. महायुद्धात जपान शत्रुपक्षात गेल्यावर त्या साधूला अटक झाली. साधू गेला तरी त्याचा मंत्र प्रार्थनेतून गेला नाही.

म्हणजे ही सर्व धर्मांची यादी समोर ठेवून केलेली गोळाबेरीज नव्हती. ती एका माणसाच्या नात्यांची नोंद होती. कोणी घरी राहिलं, कोणी तुरुंगात सोबत होतं, कोणाला पकडून नेलं, आणि प्रत्येकाच्या श्रद्धेचा एकेक तुकडा मागे राहिला. म्हणूनच तो भाग गाळा म्हटल्यावर गांधीजींना ते अशक्य वाटलं असावं. एक आयत गाळायची म्हणजे एका माणसाला बाहेर काढायचं.

आणखी एक गोष्ट. आज दिल्लीत राजघाटावर आणि ठिकठिकाणी सर्वधर्म प्रार्थना होतात. त्यात बहुधा प्रत्येक धर्माचा प्रतिनिधी येतो, आपापली प्रार्थना म्हणतो आणि बाजूला होतो. गांधीजींच्या सभेत एकच मुलगी गीताही म्हणे आणि फातिहाही. शेजारी शेजारी बसणं ही चांगली गोष्ट आहे, पण दुसऱ्याचे शब्द आपल्या तोंडाने उच्चारणं ही त्याहून अवघड गोष्ट. १९४७च्या दिल्लीत लोकांना खुपलं ते नेमकं हेच.

एकशे चव्वेचाळीस संध्याकाळी

९ सप्टेंबर १९४७ रोजी गांधीजी कलकत्त्याहून दिल्लीला परतले. शाहदरा स्टेशनवर घ्यायला आलेल्या सरदार पटेलांनी सांगितलं की वाल्मीकी वस्तीत आता निर्वासित राहताहेत, तिथे उतरता येणार नाही. म्हणून मुक्काम अल्बुकर्क रोडवरच्या बिर्ला हाऊसमध्ये पडला. तिथून ३० जानेवारीपर्यंत १४४ दिवस.

त्या दिल्लीची कल्पना आज करणं कठीण आहे. पश्चिम पंजाब आणि सरहद्द प्रांतातून आलेले सुमारे पाच लाख हिंदू आणि शीख शहरात शिरत होते, आणि तीन लाखांहून अधिक मुसलमान शहर सोडत होते. पुराना किल्ला आणि हुमायूनची कबर ही मुसलमानांची छावणी झाली होती, किंग्जवे कॅम्प ही हिंदू-शिखांची. गांधीजी दोन्हीकडे जात. संध्याकाळी पाचला प्रार्थनेच्या मैदानात हेच लोक येत. कोणाची मुलगी हरवलेली, कोणाचा भाऊ मारला गेलेला. अशा माणसाच्या कानावर अरबी शब्द पडत आणि त्याचा संताप उसळे. तो संताप खोटा नव्हता, आणि गांधीजींनीही तो कधी खोटा म्हटला नाही.

इथे त्यांनी आपल्या नियमात एक बदल केला. प्रार्थनेआधी ते विचारत, कोणाची हरकत आहे का? हरकत घेणारा शांत बसायला तयार असेल, आणि इतर सगळे त्याच्याबद्दल मनात राग न धरण्याचं वचन देत असतील, तर प्रार्थना पुढे चालू ठेवायची. या दोन अटींतली दुसरी फार महत्त्वाची आहे. विरोध करणाऱ्याने संयम पाळावा ही अपेक्षा सगळेच करतात. बहुसंख्यांनी विरोधकाबद्दल मनातही राग धरू नये, ही अट घालणारा नेता विरळा.

प्रार्थनेनंतर ते बोलत. आकाशवाणी ही भाषणं ध्वनिमुद्रित करून प्रसारित करी आणि पुढे ती ‘दिल्ली डायरी’ या पुस्तकात एकत्र झाली. सोमवारी मौन असे, तेव्हा लिहिलेलं वाचून दाखवलं जाई. आज ही भाषणं वाचताना जाणवतं ते त्यांचं रोजचेपण. त्यांत मोठी वक्तृत्वपूर्ण वाक्यं शोधायला गेलं तर फार सापडत नाहीत. आज अमुक माणसं भेटली, अमुक पत्र आलं, त्यात शिव्या आहेत, अमुक अफवा कानावर आली, तिचा शोध घेतला, असं ते चालतं. काठियावाडात मुसलमानांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारींचा त्यांनी सभेत उल्लेख केला. त्यावर तिथून तारा आल्या, काही मुसलमानांच्याही, की तक्रारींत अतिशयोक्ती आहे. त्या तारांचं म्हणणंही त्यांनी त्याच मैदानातून लोकांना सांगितलं. सत्य त्यांच्यासाठी एकदा सापडून पेटीत ठेवण्याची वस्तू नव्हती. काल बोललेलं आज दुरुस्त करायचं, आणि ज्यांच्यासमोर बोललो त्यांच्यासमोरच दुरुस्त करायचं, अशी ती मेहनत होती.

आपल्या आजच्या जगण्यात हीच मेहनत नाहीशी झाली आहे. अफवा शंभर गटांत जाते, खुलासा एकातही जात नाही. जिथे चूक पसरली तिथे परत जाऊन ती निस्तरायला कोणी थांबत नाही, कारण ऐकणारा कोण हे बोलणाऱ्याला माहीतच नसतं. बिर्ला हाऊसच्या मैदानात ऐकणारा समोर बसलेला असे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येणार असे. खरं बोलण्याची सक्ती त्या पुन्हा भेटण्यात होती.

मेहरौली

१३ जानेवारी १९४८ला त्यांनी उपोषण सुरू केलं. आदल्या दिवशी, सोमवारी, मौन असल्यामुळे ते जाहीर करणारं निवेदन सभेत वाचून दाखवण्यात आलं होतं. बिर्ला हाऊसबाहेर ‘मरने दो गांधी को’ अशा घोषणाही झाल्या. १८ जानेवारीला राजेंद्रप्रसादांच्या पुढाकाराने शहरातल्या सर्व गटांचे प्रतिनिधी लेखी प्रतिज्ञा घेऊन आले, तेव्हा त्यांनी उपोषण सोडलं.

ती प्रतिज्ञा वाचण्यासारखी आहे. प्रेम, बंधुता असे मोठे शब्द तिथे आहेत, पण कलमं अगदी जमिनीवरची आहेत. मेहरौलीला ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकींचा उरूस नेहमीसारखा होईल. सब्जी मंडी, करोलबाग, पहाडगंज इथे मुसलमान निर्धास्त फिरू शकतील. ताब्यात घेतलेल्या मशिदी परत केल्या जातील. ऐन थंडीत या मशिदींत आसरा घेतलेल्या निर्वासितांना हे फार कठोर वाटलं, आणि त्यांच्या जागी राहून पाहिलं तर ते का वाटलं हे समजतं. गांधीजींनी ते ओझं त्यांच्यावर टाकताना स्वतःचा जीव त्या पारड्यात ठेवला होता, एवढंच म्हणता येतं.

२७ जानेवारीला ते मेहरौलीला उरुसात गेले. दर्ग्याच्या संगमरवरी जाळ्या दंगलीत फोडलेल्या होत्या. त्या पाहून त्यांना फार वाईट वाटलं. तरी उरूस भरला होता, हिंदू आणि शीखही आले होते.

या दर्ग्याचा आणि त्या शीख निर्वासितांचा एक जुना धागा आहे. १२३५मध्ये निवर्तलेल्या बख्तियार काकींचे शिष्य म्हणजे बाबा फरीद, आणि फरीदांची वाणी गुरू ग्रंथसाहिबात आहे. त्याच ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत. पंजाबातून सर्वस्व गमावून आलेल्या कुटुंबाने जे एकच पवित्र ओझं डोक्यावरून आणलं, त्यात मेहरौलीच्या पीराचा शिष्य होता आणि पंढरीचा वारकरीही होता. दंगलीत फुटलेल्या जाळ्यांमागे कोण निजलं आहे, हे फोडणाऱ्यांना ठाऊक असतं तर, असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

मेहरौलीत आणखी एक परंपरा आहे, ‘फूलवालों की सैर’. मुघल बादशहा अकबरशहा दुसरा याच्या काळात, इंग्रजांनी अलाहाबादला धाडलेला शहजादा मिर्झा जहांगीर परत यावा म्हणून त्याच्या आईने नवस केला, त्यातून ती सुरू झाली. फुलांचे पंखे आणि चादर घेऊन लोक दर्ग्यावर जातात आणि जवळच्याच योगमाया मंदिरातही. १९४२मध्ये इंग्रजांनी ती बंद पाडली आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला नेहरूंच्या पुढाकाराने ती पुन्हा सुरू झाली. इथेही रीत तीच. त्याच माणसांचा जथा दोन्हीकडे जातो, हे नुसतं शेजारपण नव्हे.

पुण्याहून आलेली माणसं

२० जानेवारीला प्रार्थनासभेत बॉम्ब फुटला. मदनलाल पाहवा हा पंजाबी निर्वासित तरुण पकडला गेला. दुसऱ्या दिवशी गांधीजींनी सभेत सांगितलं की या मुलाचा कोणी तिरस्कार करू नये. सभेला येणाऱ्यांच्या झडत्या घ्यायची पोलिसांची सूचना त्यांनी फेटाळली. प्रार्थनेला येणाऱ्या माणसावर संशय घ्यायचा नाही.

२९ जानेवारीला बन्नूहून आलेले निर्वासित त्यांना भेटले. त्यांच्यातल्या एकाने संतापून म्हटलं की तुम्ही आमचं पुरेसं वाटोळं केलंत, आता आम्हाला सोडा आणि हिमालयात जा. हा अपमान त्यांनी त्याच संध्याकाळी सभेत स्वतःच सांगितला, आणि आपला हिमालय इथेच, या दुःखी माणसांमध्ये आहे, अशा आशयाचं उत्तर दिलं. त्यांचं ते शेवटचं प्रार्थनाभाषण ठरलं.

दुसऱ्या दिवशी पाच वाजून सतरा मिनिटांनी नथुराम गोडसेने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. गोडसे आणि कटातला त्याचा साथीदार आपटे हे पुण्याचे, दुसरा साथीदार करकरे अहमदनगरचा. मराठी वाचकाने हे नजरेआड करू नये असं मला वाटतं. ज्या सभेत कुठल्याही माणसाला उभं राहून ‘माझी हरकत आहे’ म्हणता येत होतं, जिथे त्या हरकतीचा मान राखण्याची अट सगळ्यांवर होती, झडतीही घेतली जात नव्हती, त्या सभेत एक सुशिक्षित, वृत्तपत्र चालवणारा मराठी माणूस पिस्तूल घेऊन आला. त्याला बोलायला जागा नव्हती असं म्हणताच येत नाही. ती जागा दिल्लीत त्याच्यासाठी राखलेली होती.

या घटनेचं मराठी उत्तरही आहे, आणि ते तितक्याच आग्रहाने सांगायला हवं. साने गुरुजींनी २१ दिवसांचं उपोषण करून या पापाचा भार स्वतःवर घेतला, आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला ‘साधना’ सुरू केलं. विनोबा पवनारचा आश्रम सोडून, मार्च १९४८च्या सेवाग्राम संमेलनानंतर, नेहरूंच्या विनंतीवरून दिल्लीला आले. निर्वासितांच्या छावण्यांत आणि मेवातच्या मेव मुसलमानांच्या पुनर्वसनात त्यांनी कित्येक महिने काढले. कुराण त्यांनी आधीच अरबीतून अभ्यासलं होतं, पुढे ‘कुराण-सार’ही प्रसिद्ध केलं. त्यांचं मेवातमधलं काम नाट्यमय नव्हतं. कोणाची जमीन कोणाकडे गेली, ती कशी परत मिळेल, अधिकारी काय म्हणतात, हे गावोगाव बसून निस्तरण्याचं ते काम होतं.

घासेडा

दिल्लीहून गुरुग्राम आणि सोहना ओलांडून नूहकडे निघालं की काचेच्या इमारती संपतात आणि मोहरीची शेतं, अरवलीचे बोडके डोंगर सुरू होतात. याच रस्त्यावर घासेडा गाव आहे. अलवर आणि भरतपूर संस्थानांतून हाकलले गेलेले मेव १९४७मध्ये पाकिस्तानच्या वाटेवर होते. १९ डिसेंबर १९४७ला गांधीजी घासेड्याला आले, पूर्व पंजाबचे मुख्यमंत्री गोपीचंद भार्गव त्यांच्यासोबत होते. तुम्ही कुठेही जाऊ नका, हा देश तुमचा आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. पुष्कळ मेव राहिले. आज राजधानी क्षेत्रात जो नूह जिल्हा आहे, त्याची वस्ती म्हणजे त्या दिवशी दिलेल्या शब्दावर विसंबून राहिलेल्या माणसांची नातवंडं-पतवंडं.

त्या शब्दाची पुढची कथा सरळ नाही. दिल्लीने १९८४ पाहिलं, सरकारी आकड्यानुसार २,७३३ शीख मारले गेले. फेब्रुवारी २०२०मध्ये ईशान्य दिल्लीतल्या दंगलीत ५३ माणसं गेली. ३१ जुलै २०२३ला नूहमध्ये हिंसा उसळली, त्यात होमगार्डचे जवानही मेले, आणि त्याच रात्री गुरुग्राममधल्या एका मशिदीत तिथल्या तरुण नायब इमामाला ठार मारलं. २०२१मध्ये याच गुरुग्राममध्ये उघड्यावरच्या जुम्म्याच्या नमाजावरून महिनोन् महिने तंटा चालला होता. तेव्हा एका हिंदू दुकानदाराने आपली मोकळी जागा नमाजासाठी उघडून दिली. शहराच्या गुरुद्वारा समितीनेही जागा देऊ केली, तिच्यावर दडपण आलं आणि तिथे नमाज झाला नाही. त्या दुकानदाराने कुठलं तत्त्वज्ञान मांडलं नाही. आपल्या ताब्यातली एक खोली दुसऱ्याच्या प्रार्थनेला दिली.

राजधानी क्षेत्रात राहणारी माणसं एकटी पडली आहेत, हे सगळेच सांगतात. बंद फाटकांच्या सोसायट्या, रोजचा दोन-दोन तासांचा प्रवास, शेजाऱ्याचं नाव ठाऊक नाही. त्यावर उपाय म्हणून शिबिरं, गुरू, ध्यानाचे वर्ग, समविचारी गट यांची रीघ लागली आहे. त्यांतून कोणाला शांती मिळत असेल तर ती मोलाचीच. पण समविचारी माणसांत मिळालेला अर्थ फार तपासला जात नाही, आणि न तपासलेलं सत्य पहिल्या अफवेला बळी पडतं. वाल्मीकी मंदिराच्या आवारात आणि बिर्ला हाऊसच्या मैदानात जे चाललं होतं, त्यात तीन गोष्टी होत्या. ठरलेली वेळ, प्रत्यक्ष समोर बसलेली माणसं, आणि न पटणाऱ्याला राखून ठेवलेली जागा. यातलं काहीही खर्चिक नाही. सोसायटीच्या बैठकीत, मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात, शाळेच्या पालकसभेत ते आजही करता येईल. मनाला मात्र ते महाग पडतं, कारण आपल्या बाजूचा राग आपल्यालाच आवरावा लागतो.

घासेड्यात दिलेल्या शब्दाबद्दल एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. तुम्ही इथलेच आहात, हे वाक्य उच्चारलं गेलं तेव्हा खरंही नव्हतं आणि खोटंही नव्हतं. ते वचन होतं. देणारा ४२ दिवसांनी मारला गेला. त्यानंतर ते खरं ठरवलं विनोबांनी आणि त्यांच्यासोबत गावोगाव बसलेल्या अनाम कार्यकर्त्यांनी. वचनाचं सत्य असं असतं, देणाऱ्याच्या मागे ते पाळणाऱ्यांच्या हाती येतं. आज ते गुरुग्रामच्या सोसायट्यांत राहणाऱ्यांच्या हाती आहे, दिल्लीत नोकरीसाठी आलेल्या मराठी कुटुंबांच्या हाती आहे, आणि हा अंक घरात घेऊन बसलेल्या आपल्या सगळ्यांच्याही. ते खरं ठरेल की खोटं, याचा निकाल इतिहासात लागून गेलेला नाही. आपण शेजाऱ्याशी कसं वागतो यावर तो रोज लागतो आहे.